पावसाळ्यानंतर पुन्हा सायकलवर: गुडघा न दुखवता कसं सुरू करायचं

चार महिने सायकल जिन्याखाली, दसऱ्याला धुऊनपुसून झेंडूचा हार, आणि पुढच्याच रविवारी ग्रुपबरोबर 60 किलोमीटर. बहुतेकांची गुडघेदुखी इथूनच सुरू होते. बंद पडलेला दम दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी परत येतो. गुडघ्याच्या वाटीभोवतीच्या कंडरांना (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना) मात्र भार सोसायची सवय व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे दम पुरतोय म्हणून अंतर वाढवत जाल, तर गुडघा मागे राहतो.

सुरुवात सीटपासून करा. आपल्याकडे सीट सर्रास खाली असते, कारण सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. सीट खाली असली की पायडल वर येतं तेव्हा गुडघा नको इतका मुडपतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो. वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. ही दुखापत वाटीच्या समोर किंवा जरा खाली जाणवते, जिना उतरताना जास्तच.

सायकल भिंतीला टेकवा, नेहमीचे बूट घालून सीटवर बसा आणि टाच पायडलवर ठेवून क्रँक (पायडल ज्या दांड्याला असतं तो) उलटा फिरवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. आता टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक उरतो, 25 ते 35 अंशांच्या आसपास. आकड्यानं ताडून पाहायचं असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर दाबा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्या मापाला 0.883 नं गुणलं की क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. 78 सेंटिमीटर भरले तर सीट 69 च्या जवळपास. सीट बरीच खाली असेल तर एकदम वर नेऊ नका. दर दोन-तीन राइडनंतर 4-5 मिलिमीटर पुरे. सीटपोस्टवरची, म्हणजे सीटखालच्या खांबावरची, किमान खोलीची खूण बाहेर दिसू लागली तर मात्र थांबा, तिच्या पुढे पोस्ट किंवा फ्रेम मोडू शकते.

सीट उंच झाली की सिग्नलला पाय टेकत नाही, अशी तक्रार लगेच येते. टेकायचाच नसतो. थांबताना सीटवरून पुढे सरकून फ्रेमचा आडवा दांडा दोन्ही पायांमध्ये घ्यायचा आणि एक पाय खाली ठेवायचा. दोन दिवसांत सवय होते.

सीट पुढे-मागे करण्यासाठी गवंड्याचा ओळंबा किंवा दोऱ्याला बांधलेला नट चालतो. क्रँक आडवे ठेवा आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून ओळंबा सोडा. तो पायडलच्या आसाजवळ पडला की सुरुवातीपुरतं ठीक. हा काही कायदा नाही, पण ओळंबा आसाच्या बराच पुढे जात असेल तर सीट मागे घ्या.

सीट झाली की गिअर. खरं तर परतलेल्या सायकलस्वाराचा गुडघा सगळ्यात जास्त इथेच बिघडतो. पुढे 48-38-28 आणि मागे 14 ते 28 दात असलेली 21 गिअरची हायब्रिड घ्या. ताशी 20 किलोमीटरला 48-14 वर पाय मिनिटाला जेमतेम 46 फेरे मारतात. 38-20 वर त्याच वेगाला 84 च्या आसपास. वेग तोच, पण 48-14 वर दर फेरीला जवळजवळ पावणेदोन पट जोर. जड गिअर दामटला की मांड्या भरल्यासारख्या वाटतात, चांगला व्यायाम झाला असं वाटतं आणि बिल गुडघ्याला येतं. सपाटीवर 80 ते 90 फेरे धरा. मोजायला यंत्र नको: 15 सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा, 20 ते 22 हवेत. बसल्या जागी उसळायला लागलात तर एक गिअर जड करा.

शहरात आणखी एक खोड नडते. जड गिअरवर सिग्नलला थांबायचं आणि हिरवा पडताच उभं राहून रेटा द्यायचा. डिरेलरचा (चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेचा) गिअर चेन फिरत असतानाच पडतो, म्हणून थांबण्याआधी, पाय चालू असताना, दोन-तीन गिअर हलके करून घ्या.

पायडलवर तळव्याचा मधला भाग नव्हे, चवडा हवा. टेबलाच्या कडेवर बसून पाय सैल सोडा आणि पावलं किती बाहेर वळतात ते पाहा. पायडलवरही त्यांना तसंच राहू द्या. क्लीट (बुटाच्या तळाला लावून पायडलमध्ये अडकवायचे तुकडे) जबरदस्तीनं सरळ बसवले की गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला कळ येते. शिमानो कंपनीच्या एसपीडी-एसएल क्लीटमध्ये पिवळ्याला 6 अंशांची मोकळीक असते, लालला अजिबात नाही. लाल विसराच. दुखणं गुडघ्याच्या मागच्या बाजूला असेल तर बहुधा सीट जास्त उंच किंवा फार मागे गेलेली असते.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड 30 ते 40 मिनिटं, सपाट रस्त्यावर. पहिली 10 मिनिटं इतक्या हलक्या गिअरवर की मागून येणारी शाळेची पोरंही पुढे जातील. नंतर आठवड्याचं एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढवा. चढ चौथ्या आठवड्यापासून, आणि पुणेकरांनो, तेव्हाही आधी जुना कात्रज घाट, सिंहगड नंतर. चालवताना दुखणं वाढत चाललं तर हलक्या गिअरवर घरी या आणि दोन-तीन दिवस सुट्टी घ्या. गुडघा सुजला, अडकला, चालताना दगा देऊ लागला किंवा रात्री ठणकला तर सीटशी खेळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

सगळं जमल्यावर सीटपोस्ट फ्रेममध्ये शिरतो तिथे इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा. क्लॅम्प (पोस्टला आवळणारं कडं) सैल असेल तर खड्ड्यांत पोस्ट रोज केसभर खाली घसरतो आणि महिन्याभरानं गुडघा का दुखतोय ते कळत नाही. पोस्ट घसरला की टेप क्लॅम्पच्या काठाशी गोळा होते. तेव्हा पोस्ट आणि नळी पुसा, पोस्ट पुन्हा मापावर आणा आणि बोल्ट आवळा.