कीवर्ड ठासून भरले, तरी ब्लॉग गूगलवर दिसेना? या चुका टाळा

"मित्रांनो, आजच्या लेखात आपण उकडीचे मोदक रेसिपी मराठी माहिती पाहणार आहोत. उकडीचे मोदक रेसिपी मराठी ही एक सोपी उकडीचे मोदक रेसिपी आहे."

असं काही वाचलं की समजावं, लिहिणाऱ्याने कुठेतरी 'कीवर्ड (म्हणजे लोक गूगलवर टाइप करतात ते शब्द) वापरा' हा सल्ला ऐकलाय आणि मनावर घेतलाय. हसू नका. माझ्या पाककृतींच्या ब्लॉगवरचे सुरुवातीचे लेख याच वळणाचे होते. गूगलने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि मी मात्र प्रत्येक परिच्छेदात आणखी एकदा 'रेसिपी मराठी' घुसवत बसले. पुढे ओळखीतल्यांचे नवे ब्लॉग बघून देताना लक्षात आलं की चुका साधारण त्याच असतात, आणि अर्ध्याअधिक चुकांचा कीवर्डशी संबंधच नसतो.

आधी बघा, गूगलला तुमचा ब्लॉग माहीत तरी आहे का

शोधचौकटीत 'साइट' हा शब्द रोमन लिपीत लिहा, त्याला चिकटून कोलन आणि जागा न सोडता ब्लॉगचा पत्ता. एकही पान आलं नाही, तर बहुधा गूगलने अजून काही नोंदवलेलंच नाही. अशा वेळी कीवर्ड बदलणं म्हणजे दुकानाचं शटर बंद ठेवून पाटी रंगवणं.

कारण अनेकदा हास्यास्पद निघतं. वर्डप्रेस या ब्लॉग बनवायच्या साधनात सेटिंग्जच्या 'रीडिंग' विभागात, शोधयंत्रांनी ही साइट नोंदवू नये, अशा अर्थाची एक चौकट असते. ब्लॉग तयार होत असताना कुणीतरी तिथे टिक करून ठेवतं आणि मग ती काढायची राहून जाते. गूगलच्या ब्लॉगर या ब्लॉगसेवेतही 'प्रायव्हसी'खाली शोधयंत्रांना ब्लॉग दिसू द्यायचा की नाही, याचं बटण आहे. दोन्ही तपासा. मग आपला ब्लॉग शोधात कसा दिसतो हे दाखवणाऱ्या गूगल सर्च कन्सोलमध्ये ब्लॉग जोडा, साइटमॅप (ब्लॉगच्या पानांची यादी) द्या आणि महत्त्वाच्या लेखांचा पत्ता तिथल्या तपासणीच्या चौकटीत टाकून बघा. पान नोंदलं गेलंय की नाही आणि नसेल तर का, हे तिथेच कळतं. सर्च कन्सोल फुकट आहे. ते पहिल्याच दिवशी जोडा, नंतर त्याचंच काम पडणार आहे.

दिसतं मराठी, असतं भलतंच

ही अडचण खास आपली. दिवाळी अंकासाठी किंवा स्मरणिकेसाठी कधीकाळी टाइप केलेला मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो फॉन्ट लावला की पडद्यावर छान मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. गूगल फॉन्ट बघत नाही, आतली अक्षरं वाचतं. त्याच्या लेखी तो मजकूर म्हणजे गिचमिड. असा मजकूर परिवर्तकातून (फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनातून) युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांत आणा आणि नंतर डोळ्यांत तेल घालून तपासा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

फोटोवर सुंदर अक्षरांत लिहिलेल्या साहित्याच्या यादीचंही तसंच. चित्रातल्या अक्षरांवर विसंबून राहू नका, यादी मजकुरातही द्या.

आणखी एक बारीक खोड. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र काही कीबोर्ड 'ऱ' या अक्षरापासून तयार करतात, तर काही साध्या र पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना फरक कळत नाही, संगणकाच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे शब्द ठरतात. स्वतःच्याच लेखात स्वतःचाच शब्द शोधून सापडत नसेल, तर आधी हा संशय घ्या.

पत्त्यातला मोदक कुठे गेला?

लेखाचं शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस लेखाचा पत्ताही देवनागरीतच बनवतो. तो साठवताना देवनागरीच्या प्रत्येक अक्षराची, मात्रेची, वेलांटीची टक्केचिन्हांसह नऊ चिन्हं होतात आणि या भागाला मर्यादा आहे 200 चिन्हांची. म्हणजे जेमतेम 22 अक्षरं-मात्रा. 'कोकणातल्या पद्धतीचे उकडीचे मोदक कसे करावेत' असं शीर्षक दिलंत, तर पत्ता 'उकडी'पाशी तुटतो. मोदक बाहेरच! व्हॉट्सॲपवर तोच दुवा टक्क्यांची लांबलचक माळ होऊन जातो आणि बघणाऱ्याला वाटतं, हा काहीतरी व्हायरसचा प्रकार.

ब्लॉगरची तऱ्हा उलटी. देवनागरी शीर्षकातून त्याला पत्ता बनवताच येत नाही, म्हणून तो 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा असं नाव ठेवून मोकळा होतो. दोन्हीकडे उपाय एकच: लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हाताने, रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा लिहा. उकडीचे, मोदक, बास. पत्त्यातल्या शब्दांमुळे क्रमवारीत फार मोठी उडी मिळत नाही, हेही सांगून ठेवते. म्हणून जुन्या लेखांचे पत्ते बदलण्याच्या नादी लागू नका. आधीचे दुवे तुटले, तर नुकसानच जास्त.

शब्दकोशातला कीवर्ड

आता खऱ्या मुद्द्याकडे. नवा ब्लॉगलेखक कीवर्ड दोन ठिकाणांहून आणतो. एक तर इंग्रजी यादीचं भाषांतर करतो, नाहीतर स्वतःला जो शब्द 'शुद्ध' वाटतो तो घेतो. शोधणारा माणूस यातलं काहीच करत नाही. तो जसा बोलतो तसा टाइप करतो, किंवा सरळ फोनला विचारतो.

'पाककृती' हा देखणा शब्द आहे, पण बरेच जण 'रेसिपी' लिहितात. कुणी 'रेसीपी' लिहितं. कुणी 'साबुदाणा', कुणी 'साबूदाणा'. एका घरात पोळी असते, शेजारच्या घरात चपाती. आपण 'मोदक करतो' म्हणतो, तरी 'कसे बनवायचे' असं शोधणारेही पुष्कळ. आणि कितीतरी जण अख्खा मराठी प्रश्न रोमन लिपीत टाइप करून शेवटी 'इन मराठी' जोडतात, कारण नाहीतर समोर हिंदी किंवा इंग्रजी उत्तरं येतात.

मग काय, सगळे प्रकार लेखाच्या तळाशी ओळीने लिहून टाकायचे? हीच ती चूक. तसं करणारे ब्लॉग खूप आहेत, काही जण तर ती यादी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवतात. असं लपवणं आणि शब्दांची विनाकारण भरताड करणं, दोन्ही गोष्टी गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात नावानिशी आहेत. शुद्धलेखन तुमचं तुम्ही नीट ठेवा. शीर्षकात सर्वांत जास्त बोलला जाणारा शब्द घ्या, आणि दुसरा शब्द मजकुरात जिथे सहज येईल तिथे येऊ द्या. 'पोळी, म्हणजे तुमच्याकडची चपाती' असं एखादं वाक्य वाचकालाही खटकत नाही.

मराठीत भरताड आणखीच ओंगळ दिसते, कारण आपली नामं विभक्ती लागली की रूप बदलतात. 'पुणे' हा शब्द वाक्यात येताना पुण्यात, पुण्याची, पुण्याहून असा येतो. कीवर्ड जसाच्या तसा ठेवायच्या हट्टापायी लोक 'पुणे मध्ये मिसळ पुणे' असलं काहीतरी लिहितात आणि वाचक दुसऱ्या ओळीला पळतो. शब्द वाक्यात वळू द्या. 2019 च्या अखेरीस गूगलने बर्ट ही भाषा समजून घेणारी प्रणाली 70 हून अधिक भाषांतल्या शोधाला लावली, त्यांत मराठीही होती. तेव्हा एकच शब्द किती वेळा आला, हे मोजत बसण्याचे दिवस कधीच गेले. 'दर शंभर शब्दांत कीवर्ड इतक्या वेळा हवा' असा कुठलाही आकडा कुणी सांगितला, तर तो विसरा.

कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या आत दडलेली, वाचकाला न दिसणारी शब्दांची नोंद, भरण्यातही वेळ घालवू नका. क्रमवारीसाठी तो आपण बघत नाही, हे गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलंय. तरी आजही काही जण त्यात पन्नास शब्द भरून देण्याचे पैसे घेतात. ब्लॉगरवर लेखांना विषयवार लावायच्या लेबलांचंही तेच: लेबलांची पानं ब्लॉगर मुळातच शोधयंत्रांना वाचू देत नाही, त्यामुळे एका लेखाला वीस लेबलं लावून पदरात काही पडत नाही.

मोठ्या शब्दामागे धावणं

'सातबारा' या शब्दावर लेख लिहून पहिल्या पानावर यायचं, असं एका ओळखीच्याने ठरवलं होतं. सातबारा शोधणाऱ्याला लेख नको असतो, त्याला उतारा हवा असतो. तो थेट सरकारी संकेतस्थळावर जाणार. तुम्ही कितीही छान लिहा, त्याचं काम तुमच्याकडे नाही.

पण उतारा हातात पडल्यावर त्याला प्रश्न पडतात. पोटखराबा म्हणजे काय? इतर हक्कात हे नाव कुणाचं? वडील गेल्यावर वारसनोंद कशी करायची? गाव नमुना सात आणि बारा वेगळे कसे? सरकारी पानावर याची उत्तरं चटकन सापडत नाहीत. नव्या ब्लॉगची जागा तिथे आहे.

स्वयंपाकातही तेच. 'मोदक' या शब्दावर मोठमोठ्या साइट ठाण मांडून बसल्यात. पण आदल्या रात्री उकड कोरडी झालेली बाई काय शोधते? 'मोदकाची पारी फाटते काय करावे', 'मोदक वाफवताना फुटतात', 'सारण पातळ झाले तर'. लाडवांचा पाक पुढे गेला की असेच प्रश्न. हे शोध संख्येने थोडे असतात, पण तो माणूस लेख वाचतो, शेवटपर्यंत वाचतो आणि पुन्हा येतो.

इथे एक गंमत होते. असा कीवर्ड तुम्ही एखाद्या साधनात टाकता आणि ते सांगतं, शोध शून्य. नवखे लगेच तो विषय सोडून देतात. गूगलचा कीवर्ड प्लॅनर मुळात जाहिरातदारांसाठी आहे. जाहिरात न चालवणाऱ्याला तो नेमका आकडा देतच नाही, दहा ते शंभर, शंभर ते हजार असे ढोबळ पट्टे दाखवतो. त्यात मराठीतला एकच प्रश्न दहा तऱ्हांनी टाइप होतो, मग एकेका तऱ्हेच्या वाट्याला काय येणार? शून्य दिसलं म्हणून कुणी विचारत नाही असं नव्हे. शोधचौकटीत अर्धा प्रश्न टाइप करून खाली काय सुचवलं जातं ते बघा, आधी देवनागरीत, मग रोमनमध्ये. नात्यातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सणाच्या आठवड्यात काय विचारलं जातं ते बघा. मला तरी याहून चांगलं साधन मिळालेलं नाही.

एकाच विषयाचे पाच लेख

मोदक रेसिपी, सोपे मोदक, मोदक कसे करावे, गणपती स्पेशल मोदक... पाचही लेखांत तीच उकड आणि तेच सारण. यातला कुठला दाखवायचा, हे गूगललाच कळत नाही. कधी हा वर, कधी तो. पाचांचा एक भरभक्कम लेख करा आणि उरलेले पत्ते त्याच्याकडे वळवा, म्हणजे जुना पत्ता उघडला तरी हाच लेख यावा. तळणीचे मोदक वेगळे आहेत, त्यांना वेगळा लेख हवाच.

सण आल्यावर लिहिणं

कोणता शब्द कधी किती शोधला जातो हे दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून 'मोदक' टाका. वर्षभर सपाट रेघ आणि गणेश चतुर्थीच्या सुमारास एकदम सुळका, दरवर्षी. नव्या ब्लॉगचा लेख नोंदला जाऊन जागा धरेपर्यंत कितीतरी आठवडे जाऊ शकतात. हरतालिकेच्या दिवशी टाकलेला लेख गणपती गेल्यावर वर येऊन काय उपयोग? मोदक आषाढात लिहा, फराळ श्रावणात. आणि पुढच्या वर्षी नवा लेख न लिहिता तोच सुधारा. याचसाठी पत्त्यात साल घालू नये.

सगळं केलं, तरी हलत नाही

सर्च कन्सोलमध्ये एकेक लेख निवडून बघा, तो कोणत्या शोधांत दिसला. दिसतो खूप, पण क्लिक नाहीत आणि सरासरी स्थान पहिल्या दहात, असं असेल तर शीर्षक बदला. ते वाचून कुणाला आत यावंसं वाटत नाहीये. स्थान पंधरा-वीसच्या आसपास असेल, तर त्या शोधातला प्रश्न तुमच्या लेखात खरंच सोडवलाय का ते तपासा. बहुतेकदा तो ओझरता आलेला असतो. आणि ज्याचा तुम्ही विचारही केला नव्हता असा शब्द यादीत दिसला, तर त्यावर वेगळा लेख होतो का बघा. फार क्वचित होणारे शोध या यादीत येत नाहीत, तेव्हा तीच पूर्ण समजू नका. आकडे 16 महिन्यांपर्यंतचे मिळतात, म्हणजे गेल्या गणपतीची या गणपतीशी तुलना करता येते.

बदल एका वेळी एकच करा आणि तारीख वहीत लिहून ठेवा. मी सुरुवातीला दर दोन दिवसांनी शीर्षक बदलत असे, त्यामुळे कशाने काय झालं हे मला कधीच कळलं नाही. आता शीर्षक बदललं की तीन-चार आठवडे त्या लेखाला हात लावत नाही. 'पारी फाटते' हा शोध मला त्या यादीतच सापडला होता. मूळ लेखात त्यावर एकच ओळ होती, 'पीठ चांगले मळावे' एवढीच. तिचा स्वतंत्र लेख केला: उकड गरम असतानाच मळायची, हाताला पाणी नि तेल लावायचं, गोळे ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचे. 'रेसिपी मराठी' हे शब्द त्यात एकदाही नाहीत.