पत्रे बदलायला वर चढताय? या चुका टाळा

मे महिना लागला की शेडवाल्यांना गळके पत्रे आठवतात. "दोनच पत्रे बदलायचेत, अर्ध्या तासाचं काम," म्हणत कुणाला तरी वर पाठवलं जातं. घात होतो तो याच अर्ध्या तासाच्या कामात.

वर गेलेला माणूस कडेला जपतो, मधल्या पत्र्यावर मात्र बिनधास्त चालतो. जुना सिमेंटचा पत्रा उन्हापावसानं ठिसूळ झालेला असतो. पाय पडला की आवाज येतो तेव्हा माणूस खाली निघालेला असतो. "बोल्टच्या ओळीवरून चाल, खाली पर्लिन (पत्रे ज्यावर टेकतात ती आडवी तुळई) आहे" हा सल्ला तर मला अजिबात पटत नाही. हातात पत्रा धरून चार बोटं रुंदीच्या पट्टीवर कोण तोल सांभाळणार? किमान तीन पर्लिनवर टेकतील अशा रुंद फळ्या टाका. दोन तरी हव्यातच, एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवता येते.

उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे त्याहून फसवे. आमच्या एका कामावर पोरगा वर जाऊन ओरडला, "साहेब, इथं सगळे सारखेच दिसतायत!" धूळ आणि जुना रंग बसून फायबर ओळखूच येत नव्हता. तेव्हापासून आधी शेडमध्ये उभं राहून वर बघतो. उजेड कितव्या रांगेतून येतोय ते मोजून कागदावर काढतो, मगच शिडी लावतो.

शिडीचं थोडक्यात: चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, टोक छपराच्या वर मीटरभर, आणि वरून बांधलेली.

सुरक्षा बेल्ट (पाठ-मांड्यांवरून पट्ट्या असलेला) घातला म्हणजे झालं, असंही नाही. हूक पन्हाळीला किंवा पत्र्याच्या बोल्टला अडकवलेला मी पाहिलाय. शिवाय हिशेब करा: दोर १.८ मीटर, झटका सोसणारी पट्टी उघडून साधारण १.७५, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड. पाच मीटर इथेच झाले. शेडच तेवढी उंच असेल तर पायाजवळ हूक लावलेला माणूस जमिनीवर आपटणारच. हूक डोक्याच्या वर, मजबूत आधाराला हवा. नाहीतर खाली जाळी बांधा. परांची उभारून काम खालूनच होत असेल तर उत्तम.

"ठेकेदाराचा माणूस आहे, तो बघेल" हेही चालत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ नुसार पडण्याची शक्यता असलेल्या उंचीवर कारखानदाराला कठडा किंवा दुसरी तजवीज करावी लागायची; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे.

बेल्टला लटकलेल्या माणसाच्या मांड्या पट्ट्यांनी आवळतात आणि पायातलं रक्त वर चढत नाही. काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याला उतरवायचं कसं, कोणी, हे तो वर चढण्याआधी ठरवा.