रोज चालणे पुरत नाही : पन्नाशीनंतरच्या व्यायामात या चुका टाळा

सकाळी पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सर्वांत जास्त वेळा कानी पडणारे वाक्य म्हणजे ‘मी रोज चालतो, मला वेगळा व्यायाम कशाला?’ चालण्याने हृदय आणि फुप्फुसे तयार राहतात, हे खरेच. परंतु तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि झटकन जोर लावणारे तंतू सर्वांत आधी झिजतात. सपाट रस्त्यावरच्या चालण्याने ते टिकत नाहीत. आमच्या गटातील एक निवृत्त गृहस्थ बारा वर्षे रोज पाच किलोमीटर चालत होते. घरच्या सत्यनारायणाला ते पाटावर बसले आणि आरतीच्या वेळी त्यांना उठताच येईना. आधी तळहात जमिनीला, मग गुडघा, शेवटी मुलाचा खांदा. दम लागला नव्हता, मांड्यांत बळ उरले नव्हते. त्यांना मी माझी सवय लावली : चहा उकळेपर्यंत हात छातीशी बांधून खुर्चीतून दहा वेळा उठायचे आणि बसताना धपकन न बसता चार आकडे मोजत खाली यायचे. चार महिन्यांनी ते एका हाताच्या आधाराने पाटावरून उठू लागले. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमांबरोबर निदान २ दिवस स्नायूबळाचा व्यायामही सांगते. तेवढेच नेमके लोक विसरतात.

दुसरी चूक अधीर नवशिक्यांची. तीन आठवड्यांत दम सुधारला की ते अंतर दुप्पट करतात. पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा तयार व्हायला महिने लागतात, आणि मग टाच धरते. ‘तीस दिवसांत तंदुरुस्त’ अशा योजनांचा मला म्हणूनच मनापासून राग येतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना हीच मंडळी जपतात आणि उतरताना धावतात, वास्तविक गुडघ्यावर अधिक भार उतरतानाच येतो. मी कठड्याला हात लावूनच उतरतो.

रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मंद ठेवतात, त्यामुळे घड्याळातील आकड्यापेक्षा चालताना सलग बोलता येते का, हे पाहावे. वयाबरोबर तहान कमी जाणवते, म्हणून पाणी ठरवून प्यावे. तोलाचा सराव बहुतेक जण करतच नाहीत; मी दात घासताना बेसिनला एक बोट टेकवून एका पायावर उभा राहतो. छातीत दाटून आले, तर मात्र ‘गॅस असेल’ म्हणून फेरी पूर्ण करू नये. तिथेच थांबावे आणि लगेच दवाखाना गाठावा.