खडीची ट्रॉली जोडण्याआधी

पाऊस सुरू व्हायच्या आत पाणंदीवर खडी टाकून घ्यायची, ही आमच्या पुरंदरकडची मे महिन्यातली ठरलेली घाई. यंदा ट्रॅक्टर पुतण्याच्या हातात आहे. नांगरट, रोटर तीन वर्षं करतोय, हात चांगला आहे. पण भरलेली डंपिंग ट्रॉली त्यानं कधी ओढलेली नाही. त्याच्यासाठी काय काय बघायचं ते लिहायला बसलो, आणि वाटलं, गावोगावची अशीच पोरं याच दिवसांत पहिल्यांदा क्रशरवर, म्हणजे खडी फोडतात तिथे, जातात. त्यांच्याही हाती लागू दे.

सुरुवात वजनापासून. ट्रॅक्टर किती ओढतो हे पारावर कुणीही सांगेल. भरताना विचार करायचा तो भरलेलं गाडं उतारावर थांबेल का, याचा. 45 एचपीचा ट्रॅक्टर साधारण 2 टनांचा असतो. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, मीटरात 2.83 घनमीटर. आपल्या काळ्या दगडाची कोरडी खडी घनमीटरला दीड टनाच्या आसपास बसते, म्हणजे ब्रासला सव्वाचार टन. ट्रॉलीचं स्वतःचं वजन दीड-दोन टन धरा. मागे सहा टन झाले, ट्रॅक्टरच्या तिप्पट. आणि ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना, कारण आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. दहा फुटांत एक फूट उतरणारा रस्ता असला, तर ही सहा टनांची ट्रॉली सुमारे 600 किलोंच्या जोरानं पाठीमागून ढकलत राहते. हे डोक्यात बसलं की बाकीची यादी आपोआप समजते.

म्हणून पहिलं काम घरीच करायचं. आमची ट्रॉली आतून 10 फूट लांब आणि 6 फूट रुंद आहे. 60 चौरस फुटांवर 100 घनफूट पसरले की उंची येते 20 इंच. ट्रॉलीच्या आत चारही बाजूंना ट्रॉलीच्या तळापासून 20 इंचांवर पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ मारून ठेवली आहे. खडी या रेघेपर्यंत, पुढे घमेलंभरही नको. ओल्या क्रश सँडसाठी, म्हणजे दगड दळून केलेल्या वाळूसाठी, त्याच्याखाली, 17 इंचांवर, लाल रेघ आहे. पाणी प्यालेली क्रश सँड ब्रासला पाच टनांच्या घरात जाते, तिची उंची खडीएवढी ठेवली तर पाऊण टन जास्त भरला जातो आणि डोळ्यांना काहीच कळत नाही. फाळक्यापर्यंत शिगेला भरली तर दीड ब्रास सहज बसते. बसते म्हणून भरायची नसते. तुमच्या ट्रॉलीची मापं वेगळी असतील, टेप लावा आणि स्वतःचा हिशेब काढा. आरसीवर भरून किती वजन पास आहे ते बघा. ते कमी असेल तर रेघ खाली घ्या. पहिल्या खेपेला वजनकाट्यावरून गाडी नेली की रेघ खरी की खोटी तेही कळतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मोटारसायकलवरून रस्ता बघून यायचा. कुठली मोरी खचली आहे, कॅनॉलच्या कडेची साइडपट्टी कुठे भुसभुशीत आहे, समोरून ऊस किंवा वाळूची गाडी आली तर कुठे थांबता येईल, उतार कुठे सुरू होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिथे खडी ओतायची तिथे डोक्यावर काय आहे. पाणंदीवर तारा लोंबलेल्या असतात. दहा फुटांची ट्रॉली पूर्ण उचलली की तिचं पुढचं टोक जमिनीपासून बारा-तेरा फुटांवर जातं. आमच्या पाणंदीवर एका ठिकाणी तार आडवी जाते, तिथे दोन्ही बाजूंना काठी रोवून लाल फडकं बांधलं आहे. त्या दोन काठ्यांच्या मध्ये ट्रॉली उचलायची नाही, मग तिथली खडी फावड्यानं पसरावी लागली तरी चालेल.

आता हूक आणि पिन. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझी चूक इथलीच. सहा वर्षांपूर्वी मूळ पिन कुठेतरी हरवली म्हणून बांधकामावरच्या सळईचा तुकडा वाकवून पिनेच्या जागी घातला. दोन महिने चालला. एक दिवस कच भरून येताना ओढ्याच्या चढावर खट्‌कन आवाज आला आणि ट्रॅक्टर एकदम हलका झाला. मागे बघतो तो ट्रॉली एकटीच मागे चाललेली. मागून दुधाचे कॅन घेऊन एक पोरगा मोटारसायकलवर येत होता. त्यानं गाडी सरळ शेतात घातली म्हणून वाचला. ट्रॉली बाभळीला जाऊन अडली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि आजही चढावर आवाज झाला की मान मागे वळते.

तेव्हापासून पिन हातात घेऊन बघितल्याशिवाय मी निघत नाही. पुसायची, उजेडात धरायची, आणि मधोमध नखानं चाचपायची. जिथे ट्रॉलीचं कडं घासतं तिथे खाच पडते. सुरुवातीला ती दिसत नाही, नखाला लागते. खाच लागली की पिन बदलायची, वेल्डिंगचा थर चढवून परत वापरायची नाही. पिन कंपनीची, भोकात जेमतेम सैल बसणारी, आणि खाली लॉकची आर-पिन, म्हणजे ती निसटू न देणारी तारेची क्लिप, लावलेली हवी. लॉकच्या जागी तार किंवा खिळा चालत नाही. कड्याचं भोक लांबट झालंय का तेही बघा. शिवाय एक जाड सुरक्षा साखळी ट्रॉलीच्या दांड्यापासून ट्रॅक्टरच्या चेसिसला, दांड्याच्या खालून, वळायला पुरेल एवढीच ढिली. पिन गेलीच तर दांडा रस्त्यात रुतण्याआधी ती धरते.

हूक खालचाच वापरायचा. तीन पॉइंटच्या लिंकला, म्हणजे नांगर जोडतो त्या उचलणाऱ्या दांड्यांना, किंवा वरच्या कुठल्या पट्टीला ट्रॉली कधीच जोडायची नाही. ओढ मागच्या एक्सलच्या वरून लागली की चढावर पुढची चाकं उचलतात, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायला तेवढाच वेळ लागतो जेवढा क्लच दाबायला सुचायला लागतो. जोडताना ट्रॅक्टर मागे घेत असताना मध्ये कुणी उभं राहायचं नाही. पिन टाकणाऱ्यानं बाजूला थांबायचं, ट्रॅक्टर पूर्ण थांबला, न्यूट्रल झाला, हँडब्रेक लागला, मगच आत जायचं. कितीतरी माणसं या दोन हातांच्या जागेत चिरडली आहेत, आणि बहुतेक वेळा ट्रॅक्टरवर घरचंच माणूस होतं.

ब्रेकच्या दोन पायट्या जोडणारी पट्टी लावली आहे का, हे नांगरटीहून आलेल्या पोरानं हमखास बघायचं. शेतात बांधावर वळायला एकेक ब्रेक लागतो म्हणून पट्टी काढलेली असते. तशीच गाडी रस्त्यावर आली आणि भरल्या ट्रॉलीनिशी एकच पायटी दाबली गेली, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो आणि ट्रॉली त्याला आडवा पाडते. पट्टी लावून रिकाम्या रस्त्यावर एकदा ब्रेक मारून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर मिस्त्रीकडे जा, क्रशरकडे नको.

टायर, नट, दिवे यांना फार वेळ लागत नाही. ट्रॉलीच्या दोन्ही टायरांत सारखी हवा, टायरवर लिहिल्याप्रमाणे. एकात कमी असली तर ट्रॉली रस्त्यावर कलते आणि उचलल्यावर त्याहून जास्त. चाकांचे नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे. मागच्या फाळक्यावर लाल रिफ्लेक्टर, बाजूंना रेडियमची पट्टी, आणि दोन्ही धुळीनं झाकलेले नकोत. उसाच्या हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून धडकून माणसं गेलेली आपण दरवर्षी ऐकतो. मी तर नियमच केला आहे, शेवटची खेप दिवस मावळायच्या आत घरी.

हायड्रॉलिकचा पाइप वाकवून बघायचा, भेगा दिसल्या की बदलायचा. बारीक गळती वाटली तर हात लावून शोधायची नाही, दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा, डाग उमटतो. पाइप जोडण्याआधी कपलर, म्हणजे पाइपचं जोडायचं तोंड, स्वच्छ फडक्यानं पुसायचा. ट्रॉली उचलून खाली काही बघायचं असेल तर आधी लोखंडी टेकू लावायचा. जॅकच्या भरवशावर खाली डोकं घालायचं नाही.

कागदपत्रांत लायसन, ट्रॅक्टरची आणि ट्रॉलीची वेगवेगळी नोंदणी, दोन्हींचा विमा. खडी, मुरूम, वाळू हे गौण खनिज आहे, तेव्हा क्रशरवाल्याकडून वाहतूक पास घेतल्याशिवाय हलायचं नाही. पासवर गाडीचा नंबर आणि वेळ बघून घ्या. पास नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 खाली दंड होतो आणि गाडी जप्त होते. आणि शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरवर दुसऱ्याची खडी भाड्यानं ओढताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो, हे भाड्याच्या मोहात पडण्याआधी लक्षात घ्या.

क्रशरवर गाडी सपाट जागी लावायची, गिअरमध्ये टाकून हँडब्रेक लावायचा, चाकाला दगड द्यायचा आणि खाली उतरून जेसीबीवाल्याला दिसेल अशा जागी उभं राहायचं. बकेट डोक्यावरून जाऊ द्यायचं नाही. दोन चाकी ट्रॉलीत खडी एक्सलच्या जरा पुढे जास्त हवी. तेवढा भार हुकावर येतो, ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन धरतात. सगळा माल मागे पडला तर हूक वर उचलायला बघतो, मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक असून नसल्यासारखा. उलट पार पुढे ढिगारा झाला तर स्टिअरिंग हलकं लागतं, पुढची चाकं वळायला ऐकत नाहीत. म्हणून जेसीबीवाल्याला आधीच सांगायचं, पहिलं बकेट एक्सलच्या पुढे, दुसरं मागे, बाकी मधोमध, आणि डावी-उजवी बाजू सारखी. तो घाईत असतो. तरी सांगायचं. रेघेपाशी हात वर करून थांबवायचं. मग फावड्यानं माल सारखा करायचा, फाळक्याच्या कडेवरचे, दांड्यावरचे, मडगार्डवरचे सुटे खडे झाडायचे आणि ताडपत्री बांधायची. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात गेलेला एक खडा आपल्याला कळतही नाही. फाळक्याचा कडीकोयंडा पूर्ण बसलाय का ते हातानं हलवून बघा. मध्ये खडा अडकला तर तो बंद दिसतो आणि पहिल्याच गतिरोधकावर उघडतो.

रस्त्यावर वेग ताशी 15 ते 20 किलोमीटर. 15 वरून 30 वर गेलात तर वेग दुप्पट होतो, पण थांबवायची ताकद चौपट लागते. उतार सुरू व्हायच्या आधीच, वरच, खालचा गिअर टाकायचा. मध्यावर क्लच दाबला आणि गिअर पडला नाही, तर आवरायला काहीच उरत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आमच्याच गावात दोघं आहेत, त्यांच्यामागे मी कधी जात नाही. वळणावर आधी हळू व्हायचं, वळताना ब्रेक नाही. मडगार्डवर, दांड्यावर, खडीवर कुणालाही बसवायचं नाही, शाळेतून येणारी भाची असली तरी. पहिल्या किलोमीटरवर एकदा थांबा. पिन, साखळी, फाळका, नट, चारही हातानं बघा.

ओतायची जागा सपाट आणि कडक हवी, ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत. एक चाक चार बोटं जरी रुतलं, तरी उचललेली ट्रॉली त्या बाजूला जाते, आणि पडायला लागली की आवरत नाही. पाणंदीच्या कडेला, भरावावर, नुकत्याच बुजवलेल्या चरावर कधी उचलू नका. फाळका उघडणाऱ्यानं बाजूला उभं राहून कडी काढायची, मग सगळ्यांनी ट्रॉलीच्या उंचीच्या दुपटीएवढं लांब व्हायचं. ओली क्रश सँड वरच चिकटून बसली तर पुढे-मागे झटके द्यायचे नाहीत. खाली उतरवायची, फावड्यानं मोकळी करायची, परत उचलायची. रिकामी झाली की पूर्ण खाली आणूनच गाडी हलवायची.

आणि समजा तारेला लागलीच, तर ट्रॅक्टरवरून उतरायचं नाही. कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही, 1912 ला फोन करून लाइन बंद करायला सांगायचं. आगच लागली तर दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारायची, लोखंडाला आणि जमिनीला एकाच वेळी हात-पाय लागू द्यायचे नाहीत, आणि पाय जमिनीवरून न उचलता घासत, जुळवूनच दूर जायचं. हे पुतण्याला मी अंगणात उडी मारून दाखवायला लावलं. दोनदा.

उद्या सकाळी साडेसहाला पहिली खेप. रेघा मारून झाल्यात, पिन नवी आणली आहे, साखळी जोडली आहे. तो ट्रॅक्टरवर एकटा असेल, मी मागून मोटारसायकलवर येणार आहे, लाल फडकं घेऊन.