बाळंतविडा घरी कसा तयार करावा

बाळंतविडा दुकानात तयार मिळतो, पण त्यातली लेस लावलेली झबली बहुधा बारशाच्या फोटोपुरतीच अंगावर चढतात. रोज उपयोगी पडेल असा विडा आठवडाभर आधी हाती घेतल्यास घरी सहज होतो.

प्रथम दुपटी शिवावीत. वापरून मऊ झालेली सुती साडी घेऊन जरीचे काठ कापावेत आणि साधारण एक मीटर लांबीरुंदीचे दोन थर जोडून कडेने धावदोरा घालावा. दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत लपवाव्यात, कारण बाहेर राहिलेली गाठ बाळाच्या कोवळ्या त्वचेला टोचते. अशी सहा दुपटी तरी हवीत. पावसाळ्यात दहाही पुरत नाहीत. झबली मात्र तीन ते सहा महिन्यांच्या मापाची आणावीत आणि सर्व कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवूनच द्यावेत.

अळिवाचे लाडू आदल्या दिवशी करावेत. अळिवात लोह भरपूर असल्याने बाळंतिणीला ते आवर्जून देतात. 50 ग्रॅम अळीव निवडून नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवावेत. ते फुगून बुळबुळीत झाले की एका मोठ्या नारळाचा चव आणि 200 ग्रॅम चिरलेला गूळ मिसळून अर्धा तास ठेवावे. मग मंद आचेवर ढवळत राहावे आणि मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागले की, किंचित सैल असतानाच, उतरवावे. निवताना ते आणखी आळते. जायफळ घालून कोमट असतानाच लाडू वळावेत. ओल्या नारळामुळे ते फ्रिजमध्येही चार-पाच दिवसच टिकतात, म्हणून थोडेच करावेत. गरोदरपणी साखर वाढली होती का, हे आधी विचारावे. तसे असल्यास लाडवांऐवजी शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी न्यावी.

पुष्कळ घरी विड्यात गुटीचा संच आणि मधाची बाटली ठेवतात. ही दोन्ही कृपया ठेवू नयेत. सहा महिन्यांपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध पुरते, आणि वर्षाच्या आत मध दिल्यास बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

त्या जागी घरच्यांसाठी मुगाच्या खिचडीचा डबा न्यावा, कारण रात्री बाळासाठी जागणाऱ्यालाच सकाळी स्वयंपाक करावा लागतो. डबा परत मागू नये. फोन करूनच जावे, आणि बाळंतीण झोपली असेल तर तिला उठवू न देता विडा दारातच देऊन निघावे.