मटकीला मोड आले, पण वास का येतो? मोड काढताना या चुका टाळा

फडकं सोडलं की डोळ्यांआधी नाकाला काम द्या. चांगल्या मोडांना कोवळ्या शेंगेसारखा हिरवट वास येतो. आंबूस वास आला, बोटांना बुळबुळीत लागलं, दाण्यांमध्ये तार दिसली, तर ते मोड टाकून द्यायचे. तीन पाण्यांनी धुऊन फोडणीत लपवायचे नाहीत. मोड कितीही लांब आणि देखणे असले तरी नाही.

गेल्या श्रावणात बिरड्यासाठी भिजवलेले अर्धा किलो कडवे वाल मला असेच ओतून द्यावे लागले. रात्री भिजवले आणि सकाळी उपसायचे राहिले. संध्याकाळी पाहिलं तर पाण्यावर फेस. भिजलेला दाणा जिवंत असतो, त्याला हवा लागते. पाण्याखाली फार वेळ राहिला की तो गुदमरतो आणि आंबायला लागतो. मुगाला 6 ते 8 तास पुरतात, मटकीला 8 ते 10, वालाला रात्रभर. उन्हाळ्यात यातलेही एक-दोन तास कमी करावेत. मोठ्या घाण्यात मधे एकदा पाणी बदललं तर फार बरं.

दुसरी चूक उपसताना होते. पाणी नीट निथळत नाही. रोवळीत किंवा चाळणीत अर्धा तास ठेवा, मगच बांधा. फडकं सुतीच हवं, जुन्या धुवट पंच्यासारखं. आणि ते धुताना साबणाचा वास राहता कामा नये. पुरचुंडी फार आवळायची नाही. मोड येताना दाणे श्वास घेतात, त्यातून ऊब तयार होते. मोठ्या गाठोड्यात मधोमध हात घातला तर ती चक्क जाणवते. तिथेच आधी कुजतं. म्हणून किलोभर मटकीचं एक गाठोडं करण्यापेक्षा दोन-तीन लहान करावीत. उन्हाळ्यात 12 तासांत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो. थंडीत पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये किंवा कोमट भांड्याशेजारी ठेवली तर काम होतं. फडकं सुकलं तर पाण्याचा हबका मारा, पण ओतू नका.

मोडच आले नाहीत तर? बहुतेक वेळा कडधान्य जुनं असतं. वर्षाच्या आत आलेलं घ्या आणि दुकानदाराला तसं विचारा, त्यात लाज नाही. काही दाणे तर भिजतच नाहीत, खड्यासारखे राहतात. जुन्या बायका त्यांना गणंग म्हणतात. भिजवल्यावर ते वेचून काढा, नाहीतर उसळीत दाताखाली येतात. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: पेरणीचं बियाणं मोडासाठी कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी रंगही दिलेला असतो. ते धुऊन निघत नाही.

पांढरी लव दिसली की अनेकजण बुरशी समजून घाबरतात. नाचणीला, मोहरीला मोड येताना मुळांवर बारीक केस येतात. पाण्याने शिंपडलं की ते मुळाला चिकटून दिसेनासे होतात. बुरशी तशी जात नाही. ती दाण्यादाण्यांमध्ये जाळ्यासारखी पसरते आणि कुबट वास येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कच्चे खाण्याचं. सकाळी वाटीभर कच्चे मोड खाणं म्हणजे आरोग्य, असा समज घरोघरी बसला आहे. मोड येताना क जीवनसत्त्व वाढतं, पोटात वायू धरणाऱ्या साखरा कमी होतात, फायटिक आम्ल घटल्याने लोह अंगी लागायला मदत होते, हे सगळं खरं. पण जी ऊब आणि ओल मोडांना लागते, तीच जंतूंनाही लागते. दाण्याच्या भेगेत बसलेला जंतू वरून धुऊन जात नाही. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायची साथ आली, त्यात 50हून अधिक माणसं दगावली. तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत गेला. म्हणून गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, आजारातून उठलेला माणूस, यांना कच्चे मोड देऊच नका. बाकीच्यांनीही नीट वाफवून घ्यावेत. क जीवनसत्त्व थोडं जातं, ते वरून लिंबू पिळून भरून काढता येतं. राजमा तर मोड आले तरी कच्चा किंवा अर्धवट शिजवून कधीच खाऊ नये. त्यातला विषारी घटक भरपूर उकळल्याशिवाय जात नाही. उलट्या-जुलाब होतात.

उरलेले मोड कोरडे करून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. तिथेही ते वाढत असतात, फक्त हळू.

आणि शिजवताना कुकरची घाई नको. मोडाच्या मटकीला शिट्ट्या दिल्या की तिचा लगदा होतो. कढईत फोडणीवर परता, झाकणावर पाणी ठेवा, मंद आचेवर वाफ येऊ द्या. तेच गरम पाणी लागेल तसं आत घाला. दाणा बोटाने दाबला की दबतो आणि मोड मात्र शाबूत आहे, असं झालं की मीठ, गूळ घालून गॅस बंद करा.