कर्ज फिटेपर्यंतचा किराणा: एका स्टोअरकीपरची घरची पद्धत

आमच्यावर दोन देणी होती. एक ठरलेल्या मासिक हप्त्याचं कर्ज आणि दुसरी क्रेडिट कार्डाची थकबाकी. दोन्ही फेडायला ३१ महिने लागले. त्यातले पहिले चार महिने मी भलत्याच ठिकाणी काटकसर केली, ते आधी सांगतो. फळं बंद केली, दूध निम्म्यावर आणलं, आईच्या ताटातली डाळ पातळ झाली. मुलगी शाळेतून यायची ती भुकेनं कावलेली, आणि मग संध्याकाळी बाहेरून काहीतरी आणावंच लागायचं. चौथ्या महिन्याच्या शेवटी सगळं मांडून पाहिलं, तर खाण्यावरचा एकूण खर्च जवळपास तेवढाच होता. तो फक्त एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेला होता.

मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतो. तिथे लागणारा माल कमी आणला तर मशीन बंद पडतं. पैसा अडकतो तो दुबार मागवलेल्या, कोपऱ्यात पडून खराब झालेल्या आणि घाईत चढ्या भावानं उचललेल्या मालात. घरच्या किराण्यालाही हेच लागू पडतं. ताटातलं काढू नका. कपाटात, फ्रिजमध्ये आणि कचऱ्याच्या डब्यात जे जातं ते शोधा.

सुरुवात पावत्यांपासून करा. ३० दिवस काहीही न बदलता खाण्यापिण्याची प्रत्येक पावती एका डब्यात टाका. पावती नसेल तर चिठ्ठीवर तारीख, वस्तू आणि रक्कम लिहा. आमच्या डब्यात ४७ कागद निघाले. त्यातल्या फक्त आठ खरेद्या यादी करून केलेल्या होत्या. उरलेल्या ३९ ‘जाता जाता’ प्रकारातल्या, म्हणजे कामावरून येताना, मुलीला आणायला जाताना केलेल्या. एकेक पावती क्षुल्लक, पण बेरीज केली तेव्हा खाण्याच्या खर्चातले पाचात दोन हिस्से तिथेच गेले होते. त्या दिवसापासून आम्ही आठवड्यातून एकदाच मोठी खरेदी करतो, आणि मध्ये एकदा दूध आणि भाजीपुरती फेरी. तिसऱ्यांदा दुकानात जायचं नाही. काही संपलंच तर त्याच्याशिवाय दोन दिवस निघतात.

मग रक्कम ठरवायची, आणि ती महिन्याची नको, आठवड्याची. महिन्याचे पैसे हातात आले की पहिले दहा दिवस सैल जातात. इथे एक चूक बहुतेक जण करतात, मीही केली होती. महिन्याच्या रकमेला चारानं भागलं की महिन्याचे दोन-तीन दिवस हिशेबाबाहेर राहतात आणि शेवटी तेच अंगावर येतात. महिन्याच्या रकमेला १२ नं गुणा आणि ५२ नं भागा. जो आकडा येईल त्यातून सुरुवातीला दहा टक्केच कमी करा. एकदम तीस टक्के कमी केले तर तिसऱ्या आठवड्यात घर वैतागतं आणि सगळी पद्धतच मोडते.

ही रक्कम रोख पाकिटात ठेवा किंवा वेगळ्या खात्यात. किराणा क्रेडिट कार्डावर घ्यायचा नाही, कितीही सवलत मिळो. मागची थकबाकी बाकी असताना बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. दरमहा ३ टक्के दर ऐकायला लहान वाटतो, पण चक्रवाढीनं तो वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातो. आज शंभराचं सामान कार्डावर घेतलं आणि ते देणं तसंच राहिलं, तर दोन वर्षांनी २०३ होतात. सामान मात्र त्याच आठवड्यात खाऊन संपलेलं असतं. मला या एका आकड्यानं जेवढं सावरलं तेवढं कशानंच नाही.

आता माझ्या कामाचा भाग. स्टोअरमध्ये प्रत्येक मालाचं बिन कार्ड असतं: किती आला, किती गेला, किती शिल्लक. घरी एवढं नको. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा आणि नेहमी लागणाऱ्या वस्तू लिहा. आमच्या २२ झाल्या. प्रत्येकीपुढे एकच आकडा लिहायचा: किती उरलं की यादीत घ्यायचं. तो काढायचा असा की आठवड्याला जेवढं लागतं त्याच्या दीडपट. आम्हाला आठवड्याला ७०० मिली तेल लागतं, म्हणून बाटली एक लिटरच्या खुणेवर आली की तेल यादीत जातं, त्याआधी नाही. यामुळे दोन गोष्टी थांबतात, ऐनवेळची धावपळ आणि ‘असू दे जास्तीचं’ म्हणून उचललेली तिसरी बाटली. कागदावर खूण घरातल्या कोणीही करायची. आमच्याकडे हे काम आईनं घेतलं. ती माझ्यापेक्षा चोख करते.

यादी दुकानात किंवा फोनवर आठवून करू नका, कपाट उघडून त्यासमोर उभं राहून करा. आधी घरात काय आहे ते पाहायचं, त्यातून आठवड्याचं जेवण ठरवायचं आणि कमी पडेल तेवढंच लिहायचं. नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे. आधी आलेलं आधी बाहेर, हा स्टोअरचा पहिला नियम आहे.

दुकानात पाकिटावरची किंमत पाहू नका, वजनामागची पाहा. सारख्याच किमतीची दोन पाकिटं शेजारी असतात, एक ५०० ग्रॅमचं आणि दुसरं ४५० चं. दुसरं ११ टक्के महाग आहे, पण आकारानं दोन्ही सारखीच दिसतात. कंपन्या किंमत न वाढवता वजन कमी करतात, म्हणून ओळखीच्या पाकिटावरचं वजनही दर काही महिन्यांनी वाचायला हवं. तेलात वेगळी गफलत होते. एक लिटर तेलाचं वजन एक किलो नसतं, साधारण ९१० ते ९२० ग्रॅम असतं. लिटरच्या पिशवीची किलोच्या डब्याशी तुलना करताना हे धरा. आणि मोठं पाकीट प्रत्येक वेळी स्वस्त असतंच असं नाही, भागाकार करा. स्वस्त असलं तरी मुदतीत संपणार असेल तरच घ्या. तेल उजेडानं, उष्णतेनं आणि हवेनं खवट होतं, पिठात किडे पडतात. पीठ मोठ्या प्रमाणात घेतलंच तर आणल्यावर बंद डब्यात चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, किडीची अंडी मरतात.

प्रथिनांवर तर मुळीच पाणी सोडू नका. सुक्या डाळींत आणि कडधान्यांत १०० ग्रॅममागे साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहाच्या आसपास. तुमच्याकडचे भाव घेऊन दहा ग्रॅम प्रथिनं किती पैशांना पडतात ते एकदा काढा. सुकं कडधान्य शिजून दुपटीहून जास्त होतं, त्यामुळे दुकानात मिळणाऱ्या डबाबंद शिजवलेल्या कडधान्याशी तुलना करताना पाणी काढून उरणारं वजन धरा.

नासाडी मोजल्याशिवाय दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरच्या घरांतून माणशी सरासरी ७९ किलो अन्न वाया गेलं, साली-देठांसकट. मी दोन आठवडे फेकलेलं सगळं तोलून पाहिलं. साली-देठं वगळून चौघांच्या घरातून ३ किलो ४०० ग्रॅम गेलं. बरंचसं पालेभाज्या आणि आदल्या दिवशीचं उरलेलं. तेव्हापासून फ्रिजच्या मधल्या फळीवर समोरची जागा ‘आधी हे संपवा’ म्हणून राखली. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जातं आणि फ्रिजचं तापमान ४ अंशांच्या वर जाऊ देत नाही. बटाटे अंधारात ठेवतो, कांद्यांपासून लांब. केळी, सफरचंदं, टोमॅटो पालेभाजीजवळ ठेवत नाही, कारण त्यांतून निघणाऱ्या वायूनं पानं लवकर पिवळी पडतात. पाकिटावरच्या तारखाही दोन प्रकारच्या असतात. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ हे दर्जाबद्दल असतं, ‘अमुक तारखेपर्यंतच वापरा’ हे सुरक्षिततेबद्दल. पहिली उलटली म्हणून फेकू नका, दुसरी उलटली तर खाऊ नका.

आठवड्याच्या शेवटी पाकिटात जे उरेल ते त्याच दिवशी कर्जात भरा. पुढच्या आठवड्याच्या पाकिटात टाकलं तर ते खर्च होतंच. सगळ्या देण्यांचे ठरलेले हप्ते भरत राहायचे आणि हे जास्तीचे पैसे सर्वांत चढ्या व्याजाच्या देण्यात घालायचे. आमच्याकडे ते कार्ड होतं. कार्डावर किमान रक्कमच भरत राहिलात तर तिचा मोठा भाग व्याजातच जातो आणि मुद्दल जेमतेम हलतं. हप्त्याच्या कर्जात जादा भरताना ते मुद्दलातून वळतं होईल का आणि त्यावर शुल्क आहे का, हे आधी विचारून घ्या.

फळं आणि दूध सहाव्या महिन्यात पूर्ववत झालं. फेऱ्या आणि नासाडीतून तेवढं निघत होतं.

अठराव्या महिन्यात माझा ओव्हरटाइम बंद झाला आणि हप्ता भरून किराण्याला निम्मंही उरेना. हप्त्याच्या तारखेच्या नऊ दिवस आधी मी कर्ज देणाऱ्यांकडे गेलो. अशा वेळी तारीख चुकण्याआधीच जा. किराण्याची वही सोबत नेली होती. घर किती खर्चावर चालतं हे तीवरून आकड्यांत दाखवता आलं आणि तीन महिने हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळाली. मुदत वाढली की एकूण व्याजही वाढतं. ते किती वाढेल ते तिथेच विचारा आणि सही करण्याआधी लेखी घ्या.